आधी दगड, मग राजा

(कुकटपल्ली येथे मराठी रहिवाशांच्या वार्षिक स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रणासाठी तयार केलेला पाठ)



समोरच्या टेबलावर दोन दगड ठेवले आहेत. विषयाला हात घालण्याआधी त्यांची ओळख करून देते. हा पहिला राखाडी, मधूनच गुलाबी झाक असलेला, उजेडात धरला की त्यातले कण चमकतात. हा सरांचा, ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत. केपीएचबी कॉलनीत त्यांच्या इमारतीचा पाया खणला जात होता तेव्हा खाली सलग खडक लागला. तो फोडायला आठवडे गेले. त्या ढिगातली ही कपची सरांनी उचलली आणि पुढे कितीतरी वर्षं ती त्यांच्या शबनममध्ये राहिली. दुसरा दगड काळा, जड, निस्तेज दिसणारा. तो मी खुलताबादच्या एका टेकडीच्या पायथ्याशी, रस्त्याच्या कडेला पडलेला होता तो उचलून आणला. सर गेल्यानंतर.

आजचं सगळं व्याख्यान या दोन दगडांच्या मधल्या प्रवासाचं आहे.

सर इतिहासाचे शिक्षक होते आणि मी भूगर्भशास्त्र शिकवत आले. सरांचं शालेय शिक्षण निजामी राजवटीतल्या मराठवाड्यात, म्हणजे उर्दूतून झालं. त्यामुळे जुन्या शहरातल्या पाट्या आणि थडग्यांवरचे लेख ते आम्हाला वाचून दाखवत आणि लगेच मराठीत सांगत. हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी त्यांची 'फेरी' निघायची. कुकटपल्लीहून सिटी बसने जायचं, नयापुलावर उतरायचं, मूसी ओलांडून चारमिनारकडे चालत जायचं. कोणाच्या पिशवीत पोह्यांचा डबा, कोणाच्या पिशवीत दशम्या. आता मेट्रो महात्मा गांधी बस स्थानकापर्यंत नेते, तेवढाच फरक.

फेरीचा शेवटचा टप्पा ठरलेला होता: मक्का मशीद. तिथे पोचलं की चपला काढायच्या आणि बोलणं बंद. पोरं विचारायची, "सर, ही कोणी बांधली?" सर म्हणायचे, "आधी दगड, मग राजा." मग प्रत्येकाने जवळच्या भिंतीवर तळहात टेकवायचा. डिसेंबरच्या सकाळी तो दगड इतका गार असतो की लहान पोरं हात झटकन मागे घेतात. सर शबनममधली ही कपची काढून भिंतीशेजारी धरायचे. तोच राखाडी रंग, तेच चमकणारे कण. "तुमच्या घराखाली जे आहे, त्याचीच ही मशीद," एवढंच ते म्हणायचे.

मी पेशाने दगड वाचणारी, पण हे वाक्य मी कधी वर्गात उच्चारलं नव्हतं. ते एका इतिहासाच्या शिक्षकाने मला शिकवलं.

या दगडाबद्दल थोडं सांगायला हवं. हैदराबाद ज्या ग्रॅनाइटवर बसलं आहे त्याचं वय साधारण २५० कोटी वर्षं. जमिनीखाली खूप खोल, वितळलेला रस सावकाश थिजत गेला आणि त्याचा हा खडक झाला. सावकाश थिजला म्हणून त्यातले स्फटिक डोळ्यांना दिसतील एवढे मोठे झाले. वरचे थर झिजून गेले, डोक्यावरचं ओझं उतरलं, तसा हा खडक फुगला आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत गेला. गच्चीबावली, जुबिली हिल्स, आपली कुकटपल्ली, इथे जे गोलसर धोंडे एकावर एक रचल्यासारखे दिसत, ते कोणी रचलेले नाहीत, ती याच झिजेची करणी. पाथरवटाला हे पापुद्रे फार उपयोगी पडतात. जिथे खडक आपणहून सुटायला तयार आहे ती रेघ त्याला दिसते. त्या रेघेवर टाकीने ओळीत भोकं पाडायची, त्यांत पाचरी ठोकायच्या आणि एकेका पाचरीवर पाळीपाळीने घण घालत जायचं. घाई केली तर दगड भलतीकडेच फुटतो.

आता हे मनात ठेवून मक्का मशिदीसमोर उभे राहा. प्रार्थनागृह सुमारे ६७ मीटर लांब, ५४ मीटर रुंद आणि २३ मीटर उंच आहे. दर्शनी बाजूला पाच कमानी. आत तीन बाजूंना पाच-पाच अशा पंधरा कमानी छत पेलतात आणि चौथ्या बाजूला, मक्केच्या दिशेला, मिहराबाची भिंत आहे. एका वेळी दहा हजार माणसं नमाज पढू शकतात. मधल्या कमानीच्या विटांत मक्केहून आणलेली माती मिसळली होती असं परंपरा सांगते आणि त्यावरूनच मशिदीला हे नाव पडलं.

सतराव्या शतकात जाँ-बाप्तिस्त ताव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या गोवळकोंड्याच्या हिऱ्यांसाठी इथे येत असे. मशिदीचं काम तेव्हा चालू होतं. त्याने लिहून ठेवलं आहे की मिहराबाचा दगड खाणीतून काढायलाच पाच वर्षं लागली, पाचशे ते सहाशे माणसं त्यावर सतत राबत होती आणि तो जागेवर ओढून आणायला चौदाशे बैल लागले. हा आकडा त्याने लोकांकडून ऐकलेला आहे. पण एक घनमीटर ग्रॅनाइटचं वजन अडीच टनांहून जास्त भरतं, हे माहीत असलेल्या माणसाला तो ऐकून हसू येत नाही. चौदाशे बैल म्हणजे शेकडो गावांच्या दावणी. त्यांना चारा कोणी घातला, रस्ता कोणी सारखा केला, उताराला दगड सुटू नये म्हणून मागून दोर कोणी धरले? त्या लोकांची नावं मशिदीच्या भिंतीवर नाहीत. सर मुलांना सांगत, नाव शोधू नका, टाकीची खूण शोधा. जात्याला टाकी लावताना जसे बारीक खड्डे पडतात तशा खुणा, नीट पाहिलं तर, सापडतात. त्या खुणेवर बोट ठेवलं की चारशे वर्षांपूर्वीचा एक हात आपल्या हाताला लागतो.

ग्रॅनाइट फार कठीण, त्यात बारीक नक्षी कोरणं जीवघेणं काम. म्हणून कुतुबशाही कारागिरांनी दगड साधा ठेवला आणि नाजूक काम चुन्याच्या गिलाव्यात केलं. चारमिनारच्या कमानींभोवतीची फुलं, जाळ्या, कठडे पाहा. सगळा चुन्याचा संसार. मक्का मशिदीत तर तोही बेताचाच. तिथे तुम्हाला दगडाचा आकार दिसतो आणि त्याच्यावर पडणारी सावली दिसते. ज्याला आपण त्या वास्तूची शैली म्हणतो तिचा अर्धा निर्णय राजाने घेतलेलाच नाही. तो या खडकाने घेतला.

आता राजा. सरांच्या शिस्तीप्रमाणे त्याचा क्रम दुसरा.

१५९१ मध्ये महंमद कुली कुतुबशहाने हे नगर वसवलं. त्याच्यानंतर गादीवर आलेल्या महंमद कुतुबशहाने १६१७ मध्ये मशिदीचं काम सुरू केलं. आख्यायिका अशी की ज्याने मध्यरात्रीची नमाज कधीही चुकवलेली नाही त्याने पाया घालावा, असं त्याने जाहीर केलं. कोणीच पुढे आलं नाही, तेव्हा त्याने स्वतः पहिला दगड ठेवला. काम चालत राहिलं. राजे बदलले. १६८७ मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा जिंकला आणि कुतुबशाही संपली. ज्याने राज्य बुडवलं त्याच बादशहाच्या कारकिर्दीत, १६९४ मध्ये, मशीद पुरी झाली. पायापासून पूर्णत्वापर्यंत सत्याहत्तर वर्षं. ज्या पाथरवटाने पहिला चिरा बसवला, त्याच्या नातवाच्या हयातीत शेवटचा बसला असेल.

या सत्याहत्तर वर्षांत एक तारीख अशी आहे जी मराठी माणसाने इथे उभं राहून आठवायला हवी. १६७७ च्या आरंभी, दक्षिण दिग्विजयाला निघालेले शिवाजी महाराज या शहरात आले. आपल्या बखरी या शहराला भागानगर म्हणतात. अबुल हसन कुतुबशहा गादीवर होता, मादण्णा आणि अक्कण्णा कारभार पाहत होते. भेट झाली, करार झाला, मराठी फौजेचा मुक्काम पडला. त्या दिवसांत चारमिनारच्या दक्षिणेला ही मशीद अर्धवट उभी होती. भोवती दगडांचे ढीग, चुन्याच्या घाण्या आणि पराती असणार. आपण महाराजांची ती भेट नेहमी दरबाराच्या चित्रात पाहतो. सर म्हणत, त्या चित्राच्या पाठीमागे टाकीचा आवाज ऐका.

इथे मी तुम्हाला थोडा वेळ दूर नेते. काही वर्षांपूर्वी मला इस्तंबूलला जायची संधी मिळाली. निघताना सरांना भेटायला गेले. ते तेव्हा अंथरुणाला खिळले होते. त्यांनी एकच काम सांगितलं: "तिथल्या मशिदीवर हात ठेवून ये."

मी सुलेमानिये मशिदीत गेले. जुन्या शहरातल्या एका टेकडीच्या माथ्यावर ती आहे आणि खाली गोल्डन हॉर्नची खाडी. मिमार सिनान हा उस्मानी साम्राज्याचा मुख्य स्थपती, त्याने ती १५५० ते १५५७ या काळात बांधली. डोक्यावर पदर घेतला, चपला काढून हातात घेतल्या, जड पडदा बाजूला करून आत शिरले. घुमट ५३ मीटर उंचीवर, त्याचा व्यास साडेसव्वीस मीटर. पण पहिल्यांदा जाणवला तो उजेड. खिडक्यांच्या रांगांतून येऊन तो गालिच्यावर शांत पसरला होता. एक आजोबा खांबाला टेकून जपमाळ ओढत होते. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. मी बाहेरच्या अंगणात येऊन भिंतीवर हात ठेवला आणि माझ्यातली भूगर्भशास्त्राची शिक्षिका जागी झाली. तो चुनखडक होता, फिकट, उबदार आणि त्यात शिंपल्यांचे बारीक ठसे. त्या खडकाला तिथे 'कुफेकी' म्हणतात. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की हळूहळू घट्ट होत जातो. प्राचीन समुद्राचा तळ कापून ती मशीद उभी केली आहे. आपल्याकडे जमिनीच्या पोटातला रस थिजून झालेला दगड, तिकडे समुद्रातल्या जीवांच्या कवचांचा. दोन्ही ठिकाणी माणसं त्याच एका दिशेला तोंड करून उभी राहतात.

तिथला घुमटही जमिनीनेच घडवला आहे. इस्तंबूल भूकंपाच्या टापूत आहे. ५३७ मध्ये पूर्ण झालेल्या आयासोफियाचा घुमट ५५८ मध्ये कोसळला होता, पुन्हा बांधावा लागला. सिनानने ती वास्तू आयुष्यभर अभ्यासली आणि म्हाताऱ्या वयात तिला आधाराच्या भिंतीही घातल्या. मोठ्या घुमटाचं वजन अर्धघुमटांवर, त्यांचं वजन आणखी लहान घुमटांवर, असं पायरीपायरीने जमिनीपर्यंत उतरवायचं ही उस्मानी मशिदीची रीत त्या अनुभवातून पक्की झाली. दुरून पाहिलं तर पाण्यात उठलेल्या तरंगांसारखे ते घुमट दिसतात. आपली मक्का मशीद अशा पायऱ्यांच्या भानगडीत पडत नाही. दख्खनची जमीन जुनी, स्थिर. इथे कमानी सरळ खाली भार देतात आणि रस्त्यावरून पाहताना प्रार्थनागृहावर एकही मोठा घुमट दिसत नाही. दोन्ही टोकांना मिनार, मध्ये सपाट कठडा.

इस्तंबूलमधलीच सुलतान अहमदची निळी मशीद १६०९ मध्ये सुरू होऊन १६१७ च्या सुमारास पूर्ण झाली. तिथे शेवटचा हात फिरत होता तेव्हा इथे पहिला चिरा बसत होता. तिच्या भिंतींवर इझनिकच्या वीस हजारांहून अधिक रंगीत फरशा आहेत. आणि त्याच दशकात, १६११ च्या सुमारास, आपल्या चारमिनारजवळच्या बादशाही आशूरखान्याच्या भिंती निळ्या, पिवळ्या, हिरव्या काचकामाच्या फरशांनी मढवल्या जात होत्या. तो आशूरखाना अजून आहे आणि ते रंग अजून बोलतात. ज्यांना निळ्या मशिदीचे फोटो पाहून तिकिटं काढावीशी वाटतात, त्यांनी आधी मेट्रोचं तिकीट काढावं, ही माझी हात जोडून विनंती आहे.

सुलेमानियेविषयी एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त भावली. तिच्या बांधकामाचे हिशेब टिकले आहेत. कोणत्या दिवशी किती गवंडी, किती पाथरवट, किती सुतार कामावर आले, त्यांना काय मजुरी मिळाली, हे वह्यांत लिहिलेलं आहे. ओमेर लुत्फी बर्कान या तुर्की इतिहासकाराने त्या वह्यांचा अभ्यास केला. त्यातून दिसलं की कुशल कारागिरांत जवळपास निम्मे ख्रिस्ती होते. जगातल्या एका मोठ्या मशिदीच्या भिंती मुसलमान आणि ख्रिस्ती हातांनी शेजारी शेजारी उभ्या राहून रचल्या. सिनानचा स्वतःचा जन्मही अनातोलियातल्या एका ख्रिस्ती घरातला. त्याची कबर मशिदीच्या आवाराबाहेर, दोन रस्त्यांच्या कोपऱ्यात आहे. लहानशी. सुलतानाची कबर आत, भव्य. मी दोन्हींपाशी थांबले आणि सरांचा क्रम पाळला. सिनानकडे आधी गेले.

परत आले तेव्हा सर नव्हते.

इस्तंबूल आणि आपला मुलूख यांच्यात मला वाटत होतं तेवढं अंतर नव्हतं, हे मला सरांच्या वह्या चाळताना कळलं. तुर्कस्तानला आपले पूर्वज 'रूम' म्हणत. काष्ठौषधींच्या दुकानात अजून 'रुमी मस्तकी' मिळते. माझे आजोबा उदगीरच्या कचेरीत कारकून होते, त्यांच्या एकुलत्या एका फोटोत शेरवानीवर रुमी टोपी आहे. ती तुर्की टोपी मराठी कारकुनाच्या डोक्यावर कशी आली, असा प्रश्न त्या घरात कोणाला पडला नाही.

त्याआधीही रूमची माणसं इथे येत होती. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि ती ओतणारा महंमद रूमी, म्हणजे उस्मानी मुलखाशी नातं सांगणारा कारागीर. तिचं वजन सुमारे ५५ टन. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती, तिथून १६३२ मध्ये मुरार जगदेवांनी ती विजापूरला नेली असं सांगतात. रूमचा ओतारी, नगरची भट्टी, परांड्याचा तट, मराठी सरदार. या साखळीतली कोणती कडी आपली आणि कोणती परकी?

आणि मग विसाव्या शतकातली गोष्ट. ३ मार्च १९२४ रोजी तुर्कस्तानच्या नव्या प्रजासत्ताकाने खिलाफत रद्द केली. शेवटचे खलिफा दुसरे अब्दुलमजीद यांना कुटुंबासह देश सोडावा लागला आणि पुढे ते फ्रान्समध्ये नीस इथे राहिले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान त्यांना दरमहा तनखा पाठवत. १२ नोव्हेंबर १९३१ रोजी नीसमध्ये खलिफांची मुलगी दुर्रूशेहवार हिचा विवाह निजामाच्या थोरल्या मुलाशी झाला आणि त्याच दिवशी तिची नातलग निलोफर हिचा धाकट्याशी. उस्मानी घराण्याच्या दोन मुली हैदराबादच्या सुना झाल्या.

त्यांनी काय मागे ठेवलं ते बघा. एकही मशीद नाही, एकही महाल नाही. निलोफरची एक दासी बाळंतपणात दगावली. असं पुन्हा कोणाचं होऊ नये म्हणून तिने ध्यास घेतला, असं सांगतात. त्यातून उभं राहिलेलं निलोफर रुग्णालय १९५३ पासून या शहरातल्या बायका आणि मुलांसाठी चालू आहे. पुरानी हवेलीत दुर्रूशेहवार यांच्या नावाचं मुलांचं रुग्णालय आहे. या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीजण निलोफरमध्ये जन्मले असतील? माझ्या शेजारणीची तीनही मुलं तिथली. माझ्या लेखी इस्तंबूलचं हैदराबादशी असलेलं सगळ्यांत जिवंत नातं त्या प्रसूतिकक्षात आहे.

आता हा काळा दगड. अब्दुलमजीद २३ ऑगस्ट १९४४ रोजी पॅरिसमध्ये वारले. त्यांचं दफन व्हावं म्हणून खुलताबादला, आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, एका टेकडीवर तुर्की धाटणीची कबर बांधण्यात आली. खलिफांचं शव मात्र दहा वर्षं पॅरिसच्या मशिदीत राहिलं आणि १९५४ मध्ये मदिनेत त्यांचं दफन झालं. तोवर निजामाचं राज्य संपलं होतं. खुलताबादची कबर रिकामीच राहिली.

ती आम्हाला दाखवायची असं सर बरीच वर्षं म्हणत होते. मी एकटीच गेले. खुलताबाद म्हणजे कबरींचं गाव. बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि झैनुद्दीन शिराझी हे सूफी तिथे आहेत. मलिक अंबर तिथे आहे. हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा मूळ पुरुष, पहिला निजाम, तिथे आहे. आणि ज्याच्या कारकिर्दीत आपली मक्का मशीद पुरी झाली तो औरंगजेबही तिथेच, उघड्या आभाळाखालच्या साध्या कबरीत. मशिदीचा पाया इथे भागानगरात आणि ती पुरी करणारा तिथे मराठी मुलखात. मनमाड-काचीगुडा गाडीच्या प्रवासाइतकं ते अंतर.

टेकडीवर वारा होता. बाकी काही नव्हतं. साम्राज्याच्या शेवटच्या वारसासाठी बांधलेली वास्तू आणि तिच्यात कोणी नाही. मला वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्यात मी फार वेळ राहिले नाही. खाली पाहिलं तर पायाखाली बेसॉल्ट. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर पसरत गेला, झटपट थिजला, म्हणून त्यात स्फटिक दिसत नाहीत. जवळच वेरूळ. तिथल्या कारागिरांनी याच दगडाच्या डोंगरात वरून खाली कोरत कैलास लेणं उतरवलं. ग्रॅनाइट रचायचा, बेसॉल्ट कोरायचा, चुनखडक वाकवायचा. प्रत्येक दगडाने आपापल्या माणसांना वेगळी कला शिकवली. त्या रिकाम्या वास्तूला जे मिळालं नाही ते मला तिथे कळलं. तिला रोज पहाटे दार उघडणारं, झाडणारं, चपला काढून आत येणारं कोणी मिळालं नाही.

मक्का मशिदीला ते मिळालं. तिच्या अंगणाच्या एका कडेला दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या निजामांच्या कबरी आहेत. पण तिथे गेलात तर लोक त्या कबरींभोवती गर्दी करत नाहीत. ते हौदाशी बसतात, हात-पाय धुतात, कबुतरांना दाणे टाकतात. बांगडीवाले, अत्तरवाले दुपारी सावलीला येऊन पाठ टेकतात. हौदाजवळच्या दगडी बाकावर जो बसतो तो पुन्हा तिथे बसायला येतो, अशी समजूत आहे. आमच्या फेरीतल्या प्रत्येक मुलाला सर त्या बाकावर बसवत.

१८ मे २००७ रोजी, शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी, याच मशिदीत बॉम्बस्फोट झाला. प्रार्थनेला आलेली माणसं मारली गेली. त्या दिवसांत शहर धास्तावलेलं होतं. काही आठवड्यांनी सरांनी फेरी काढली, उन्हाळा असूनही. आम्ही सहाजण होतो. कोणी अडवलं नाही. हौदाशी एका वृद्ध माणसाने सरांना बसायला जागा करून दिली. दोघं उर्दूत बराच वेळ बोलत बसले. काय बोलले ते सरांनी परतीच्या बसमध्येही सांगितलं नाही. फक्त सरांनी ही कपची तिथे त्या माणसाच्या हातात दिली आणि त्याने ती पाहून परत केली, एवढं मी पाहिलं.

मित्रहो, आपल्यापैकी काहींची घराणी काचीगुडा, सुलतान बाजार भागात चार पिढ्यांपासून आहेत. बहुतेकजण मात्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नोकरीसाठी पुण्याहून, नांदेडहून, सोलापूरहून कुकटपल्लीत आले. मी सुद्धा लग्न होऊन आलेली. आपण म्हणतो, हे आपलं शहर नाही, आपण इथे कामापुरते. जुन्या शहराकडे आपण पाहुण्यांना दाखवायचं ठिकाण म्हणून पाहतो. बिर्याणी, बांगड्या, चारमिनारचा फोटो. मशिदीच्या दारातून आत डोकावतो आणि परत फिरतो, कारण ती 'त्यांची' आहे असं आपण मनात ठरवलेलं असतं.

ती प्रार्थनेची जागा ज्यांची आहे त्यांची आहेच. तिथे जाताना त्यांच्या वेळा पाळायच्या, नमाज चालू असताना बाजूला थांबायचं, आवाज खाली ठेवायचा, एवढी माणुसकी आपल्याला घरातच शिकवलेली असते. पण तिच्या दगडावर आपलाही हक्क आहे आणि म्हणून जबाबदारीही. कुकटपल्लीतून निघणारा नाला हुसेनसागरात जातो आणि तो तलाव कुतुबशाहीच्या काळातच, सोळाव्या शतकात बांधला गेला. आपलं पाणी त्यांच्या तलावात जातं, आपली घरं त्यांच्या मशिदीच्या खडकावर उभी आहेत. या नात्याला वेगळा पुरावा लागत नाही.

तो खडक मात्र आता झपाट्याने नाहीसा होतो आहे. मी आले तेव्हा कॉलनीमागे धोंड्यांची रांग होती, मुलं त्यावर चढून पतंग उडवत. आज तिथे मनोरे आहेत. या शहरातल्या काही जाणत्यांनी १९९६ मध्ये 'सोसायटी टू सेव्ह रॉक्स' स्थापन करून हे धोंडे वाचवण्याचं काम सुरू केलं. २५० कोटी वर्षांचा दगड एका सुरुंगात भुकटी होतो आणि त्याची खडी कोणाच्या तरी गच्चीत जाते. आपण गच्ची बांधू नये असं मी म्हणत नाही. पण निदान एक धोंडा तरी आपल्या वस्तीत जसा आहे तसा राहावा, मुलांनी त्याच्यावर हात ठेवावा आणि हा कुठून आला असं विचारावं. त्याचं उत्तर द्यायला इतिहासाचा आणि भूगर्भाचा, असे दोन शिक्षक लागतात. सरांनी एका माणसात दोघं बसवले होते.

बोलणं संपवते. हे दोन्ही दगड आता पहिल्या रांगेत देते. हातोहात फिरू द्या. राखाडी आहे तो भागानगरचा, काळा आहे तो आपल्या मराठवाड्याचा. कोणाला वजनातला फरक कळतो का पाहा. शेवटच्या रांगेतल्या मुलांकडे पोचले की ते तिथेच राहू द्या, मला परत देऊ नका. येत्या रविवारी फेरी पुन्हा सुरू होते आहे. सकाळी सात वाजता कुकटपल्ली मेट्रो स्थानकाच्या खाली जमायचं. ज्याच्याकडे राखाडी दगड असेल त्याने तो बरोबर आणायचा आणि मशिदीच्या भिंतीशेजारी धरायचा. कोणी बांधली, हे त्याने मग विचारावं.